“लेखकांनी लेखन करावं” म्हणणाऱ्यांसाठी

“लेखकांनी लिहावं. पोलिसांच्या लाठ्या-गोळ्यांवर बोलणं हे आजकालचं खूळ. आपले जुने साहित्यिक असल्या भानगडीत पडत नव्हते.” हा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन गटांतून आला. तो खोटा आहे.

आधी जुन्या साहित्यिकांचं. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला जोर आला तोच मुळी साहित्य संमेलनाच्या मांडवात: बेळगाव, मे १९४६, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. २१ नोव्हेंबर १९५५ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला याच मागणीच्या मोर्चावर गोळ्या चालल्या. आचार्य अत्रे तर नाशिकच्या १९४२च्या संमेलनाचे अध्यक्ष. ते या लढ्याच्या आघाडीवर होते आणि १९५६मध्ये त्यासाठी त्यांनी ‘मराठा’ दैनिक काढलं.

“अशा लिखाणात कला नसते” हेही त्यात आहे. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ एकदा नीट ऐका. छक्कड आहे ती, लावणीच्या वळणाचं शाहिरी गाणं. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोचं रूप आठवतो, तिचे दागिने आठवतो. आपण त्या विरहात पुरते बुडालेले असतो आणि शाहीर सांगतो, महाराष्ट्राचीही हीच गत. मग बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही महाराष्ट्राबाहेर राहिलेली नावं येतात. दागिन्यांवरून सीमेवर कधी आलो ते कळत नाही. मला तरी प्रत्येक वेळी तिथे गलबलून येतं.

राहिला शेवटचा मुद्दा: “पोलीस नाइलाजानं गोळी झाडतात, लेखकांना त्यातलं काय कळतं?” अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात राहायचे. त्याच घाटकोपरात रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ला तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला. १० माणसं गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असं पोलिसांनी सांगितलं. वस्तीनं ते कधीच मानलं नाही. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला, आणि २००९मध्ये सत्र न्यायालयानं पथकाच्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. अपिलात त्याला जामीनही मिळाला.

निकाल यायला १२ वर्षं लागली. तो ऐकायला शाहीर विलास घोगरे नव्हते; गोळीबारानंतर चारच दिवसांनी त्यांनी आयुष्य संपवलं होतं. मधल्या सगळ्या वर्षांत, गेलेली माणसं दंगलखोर नव्हती हे सांगत राहिली ती वस्तीतली माणसं आणि त्यांचे शाहीर.