चौथीतला पहिलीला घेतो तेव्हा

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तोच विषय निघाला, शाळा ठेवायची की बंद करून पोरं खालच्या मोठ्या गावात न्यायची. पाटण तालुक्यातली डोंगरातली वाडी, पट 9, चारही इयत्ता एका खोलीत. एकानं लिहिलं, "चार वर्ग एकत्र बसवून काय डोंबलाचं शिक्षण होतंय?" लगेच दहा-बारा अंगठे. मी तेव्हा इंग्लंडात लीड्सच्या बसमधे होतो, आणि चाललो होतो कुठं तर पोराच्या शाळेत, शुक्रवारी दुपारी मुलांचं वाचन ऐकायला. तिथं नेमकं हेच चालतं, वेगवेगळ्या वर्गांची पोरं मुद्दाम एकत्र बसवतात.

इथं पालकाला असं मदतीला जाता येतं, आधी पोलिस रेकॉर्ड तपासतात, मग गळ्यात बिल्ला अडकवून आत सोडतात. इयर सिक्सची, म्हणजे 10-11 वर्षांची पोरं खाली इयर वनच्या, म्हणजे 5-6 वर्षांच्यांच्या वर्गात येतात आणि एकेकजण एकेका छोट्याला घेऊन गालिच्यावर फतकल मारून बसतो. या छोट्यांची जूनमधे एक तपासणी असते, 40 शब्द वाचायचे, त्यातले 20 चक्क खोटे, कुठल्याच डिक्शनरीत नसलेले, आणि शेजारी एलियनचं चित्र, तो खोटा शब्द म्हणजे त्याचं नाव. म्हणजे पोरगं पाठ केलेलं म्हणतंय की अक्षरं जुळवून वाचतंय ते कळतं. त्या दिवशी एक पिटुकला 'स्ट्रॉम' असं लिहिलेलं सारखं 'स्टॉर्म' वाचत होता, ओळखीचा शब्द दिसला की पोरं तिकडंच पळतात. त्याच्याबरोबरच्या पोरीनं काही न बोलता एकेका अक्षराखाली बोट सरकवलं. चौथ्या वेळी बरोबर आलं तर दोघंही खिदळायला लागली, एलियनचं नाव काय घाण आहे म्हणून.

बाईंनी नंतर सांगितलं ते माझ्या डोक्यातनं जात नाही. ही पोरगी स्वतःच वाचनात मागं आहे. तिला तिच्या वर्गात बारीक पुस्तक दिलं तर लाज वाटते, पण छोट्याला वाचून दाखवायचंय म्हणलं की तेच पुस्तक घरी नेऊन तीन-तीनदा वाचून येते.

मला एकदम आमची बस्करपट्टी आठवली. मी चौथीत असताना गुरुजी म्हणायचे, "हिकडं ये, ह्या तिघांची बाराखडी घे." आणि ते स्वतः तिसरीचा भागाकार घ्यायला वळायचे. मला तेव्हा जोडाक्षरं धड येत नव्हती, 'ष्ट' आणि 'ष्ठ'ची बोंबच होती, पण पहिलीच्या पोरांपुढं आपली अब्रू जाऊ नये म्हणून मी आदल्या दिवशी बघून यायचो. याला कुणी पद्धत वगैरे म्हणत नव्हतं, गुरुजींची अडचण होती ती.

आणि 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची जी पद्धत पार झांबियापर्यंत गेली ती तरी काय, तिसरी ते पाचवीची पोरं घ्यायची, इयत्ता बाजूला ठेवायची आणि अक्षर वाचणारे वेगळे, शब्द वाचणारे वेगळे, परिच्छेद वाचणारे वेगळे असं रोज थोडा वेळ बसवायचं. गरज तर आहेच. 2024 च्या 'असर' या पोरांना वाचता येतं का ते बघणाऱ्या पाहणीत खेड्यांतल्या सरकारी शाळांत तिसरीची फक्त 23.4 टक्के पोरं दुसरीचा धडा वाचू शकली, आणि हा आकडा देशाचा आहे आणि 2022 च्या 16.3 वरून वर आलेला आहे! पण 2025 मधे आपल्याकडं भांडण कशावर झालं तर पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा हवी का नको. नकोच होती, जीआर मागं घेतले ते बरंच झालं, पण जी एक भाषा आहे ती तरी वाचता येते का यावर कुणी मोर्चा काढत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा जोरातच लिहिलं. तिथं माझा एक वर्गमित्र आहे, झेडपीत मास्तर. त्याचा रिप्लाय आला, "तिकडनं बोलायला काय जातंय. तुझ्या शाळेत एका वर्गात मोठी माणसं किती?" मोजली. तीस पोरांना एक बाई, एक मदतनीस, वर माझ्यासारखे फुकटे. त्याच्याकडं मंजूर दोन शिक्षक, त्यातला एक बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या ड्यूटीवर, राहिलेला ऑनलाइन माहिती भरतोय आणि खिचडीचा हिशोब ठेवतोय. गप्प बसलो. चार वर्ग एकत्र असणं आणि चार वर्ग वाऱ्यावर असणं यातला फरक त्यानं दाखवून दिला, आणि तो बरोबर आहे.

तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. 2023 मधे वीसपेक्षा कमी पटाच्या 14 हजारांहून जास्त शाळांची यादी निघाली, समूह शाळा करायच्या, म्हणजे छोट्या शाळांची पोरं एका मोठ्या शाळेत आणायची म्हणून. पोरं एकत्र आणली की आपोआप एकत्र शिकतील असं कुणी सांगितलं? मोठ्या शाळेत पहिली वेगळ्या खोलीत, चौथी वरच्या मजल्यावर, आणि सहा वर्षांचं पोरगं सकाळी सातला जीपमधे. माझ्या चुलतभावानं दोन्ही पोरं तालुक्याला इंग्लिश मीडियमला घातलीयत, पोरगी जीपमधे रोज ओकते, तरी तो हसतो मला, तू बोलूच नको, तू तर लीड्सलाच घातलीस. आता यावर काय बोलणार.

अन् इंग्रजांचं फार कौतुक नको, पटाची डोकी तेही मोजतात. मुलं कमी झाली म्हणून लंडनमधे प्राथमिक शाळा बंद पडतायत.

काल मास्तरला विचारलं, यंदा पहिलीला किती आले. म्हणला एकच, पोरगी आहे. म्हणलं तिला वाचायला कोण घेतं मग? तर म्हणला, "चौथीत दोघं आहेत, तिच्यावरनं रोज भांडतात."