अण्णांचा अंगठा

हवा फक्त तपासायची होती. भरायचीसुद्धा नव्हती. हे वाक्य मी रविवारपासून घरात, ऑफिसात आणि बायको म्हणते त्याप्रमाणे एकदा झोपेतही बोललोय. कुणावर काही परिणाम झालेला नाही, म्हणून आता लिहून काढतो.

आधीचं थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चाला म्हणून सांगितलं. चालायला नको म्हणून मी सायकल घ्यायचं ठरवलं, पायडल मारायला नको म्हणून तिला मोटर हवी असं ठरवलं, आणि एवढं करतोच आहोत तर डोंगरावरचीच घेऊ म्हणून इलेक्ट्रिक माउंटन बाईक घेतली. सोलापुरात डोंगर नाही, हे मला ठाऊक आहे. तरी भेटेल तो मला ते नव्याने सांगतो. आमच्याकडे उंच म्हणावी अशी एक साखर कारखान्याची चिमणी होती, तीही २०२३ साली विमानांच्या वाटेत येते म्हणून पाडली. पण तुळजापूरचा घाट आहे, हिप्परग्याच्या तलावाकडचे खडकाळ माळ आहेत, आणि ते नसते तरी आमच्या कॉलनीचा रस्ता आहे. तो एकदा ड्रेनेजला खोदला, एकदा केबलला खोदला, आणि दोन्ही वेळा बुजवणाऱ्याला वाटलं की दुसरा बुजवणार आहे. त्याला डोंगर म्हणायला माझी हरकत नाही.

टायर निवडण्यात मी तीन महिने घालवले. सायकलचं वजन चोवीस किलो, माझं शहाऐंशी. म्हणजे एकशे दहा किलोचा डोलारा दोन टायरांवर, वर मोटरचा रेटा, आणि तो सगळा मागच्या चाकाला. साध्या सायकलचं टायर असल्या छळाला लवकर कंटाळतं. म्हणून पुढे मऊ रबराचं, बटनांसारख्या मोठ्या उंचवट्यांचं टायर, वळणावर धरून राहायला. मागे जरा कडक रबराचं, जाड कुशीचं, झिजायला वेळ लावणारं. दोन्ही २.६ इंच रुंद. गावात कुठे मिळेनात. शेवटी कुरिअरने मागवली, तर घडी घालून चादरीसारखी आली. एकेकाची किंमत ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात माझ्या स्कूटीची दोन्ही टायरं येऊन वर साडी आली असती." मी म्हटलं, साडीला ग्रिप नसते. हे मी बोलायला नको होतं.

आणि ट्यूबलेस. ते हौसेखातर नाही, सोलापूरखातर. आमच्या माळावर वेडी बाभूळ माजली आहे, आणि जिथे ती नाही तिथे जमिनीलगत सराटे टपून बसलेले असतात. ट्यूबवाली सायकल तिकडे नेली तर जाताना तुम्ही सायकलवर आणि येताना सायकल तुमच्यावर. म्हणून टायरच्या आत शंभर-सव्वाशे मिली पांढरं औषध ओततात, रबराच्या चिकासारखं. काटा घुसला की ते फिरत फिरत त्या भोकाशी जातं आणि तिथे घट्ट होऊन बसतं. उन्हाळ्यात लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं. तेवढं केलं की काट्याची भीती नाही.

हवेचं तर विचारूच नका. दाब पुढे बावीस पीएसआय, मागे पंचवीस. एवढी कमी कशाला? तर टायर दगडावर उडायला नको, दगडाला कवटाळून जायला हवं. फारच कमी केली तर रिम दगडावर आपटते, जास्त केली तर सायकल चेंडूसारखी नाचते आणि बसणाऱ्याच्या मणक्यांची मोजदाद होते. पहाटेच्या गारव्यात पंचवीस भरली आणि दुपारी तापमान वीस अंशांनी चढलं, तर तीच हवा अडीचएक पीएसआयने वाढलेली असते. एका-दोन पीएसआयने फरक पडतो असं मी मित्रांना सांगितलं, तेव्हा एकाने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तर रविवारी. घरच्या पंपाची नळी उन्हाने तडकली होती, मागचं चाक जरा बसल्यासारखं वाटत होतं, म्हणून होटगी रोडला आसरा चौकाच्या पलीकडे एक पंक्चरचं दुकान आहे तिथे थांबलो. साधा कॉम्प्रेसर, टांगलेल्या ट्यूबा, पाण्याचं घमेलं. पोरगा अठरा-एकोणीसचा. त्याने मागच्या चाकाजवळ बसून व्हॉल्ववरचं टोपण काढलं आणि माझ्याकडे करुणेने बघितलं.

"मालक, वॉल तुटलाय की हो."

"तुटला नाही, तो असाच असतो. बारीक. फ्रेंच पद्धतीचा आहे."

"मग बरोबर," तो म्हणाला. काय बरोबर, ते मला अजून कळलेलं नाही.

खिशातून मी पितळेचं नखाएवढं अडॅप्टर काढलं, ते लावलं की कॉम्प्रेसरची नळी बसते. ते त्याच्या हातात देणार, तेवढ्यात मागून एक हात आला, त्याचा अंगठा माझ्या मागच्या टायरवर टेकला आणि टायर दाबून बघू लागला.

हे अण्णा. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, कपाळाला विभूती. दुकानात त्यांचं काही काम नव्हतं. त्यांची स्कूटर कडेला सावलीत उभी होती, धडधाकट. ते रोज तिथे पेपर वाचायला येतात, असं मागाहून कळलं. अण्णांनी टायर दाबला, डोळे मिटले, पुन्हा दाबला. नाडी बघणाऱ्या वैद्यालाही इतका वेळ लागत नाही.

"हवा न्हाई यात."

"आहे. पंचवीस आहे. कमीत कमी तेवीस तरी असेल."

"चेष्टा करालाव का?" अण्णा म्हणाले. "टायर कसं पायजे? कडक भाकरीसारखं. हे चपाती झालंय."

मी नम्रपणे सांगितलं की या टायरला एवढीच लागते. त्यावर अण्णांनी मला तो अंगठा दाखवला. अगदी डोळ्यांसमोर धरला. चपटा, रुंद, नखाच्या कडेला जुना घट्टा पडलेला. "गिरणीत एकतीस वर्षं काढली सर. सूत गुंडाळलेला कोन ह्या अंगठ्यानं दाबून सांगत होतो, सैल बसलाय का घट्ट. मशीन चुकायची, ह्यो न्हाई चुकला." मग आवाज खाली आणून, "गिरणी बंद पडली, ह्यो चालू हाय."

आता याला काय उत्तर देणार? माझ्याकडे तीन महिन्यांचं वाचन होतं, त्यांच्याकडे एकतीस वर्षांचा अंगठा. तरी मी वाद घातला, आणि तिथेच माझं चुकलं. म्हटलं, "अण्णा, बऱ्याच स्कूटरांच्या पुढच्या चाकातसुद्धा बावीसच्या आसपासच हवा असते. तुमच्याही असेल."

"ती स्कूटर हाय. तिला इंजिन हाय."

"हिलाही मोटर आहे."

"मोटर हाय तर सायकल कशाला म्हणालाव?"

एव्हाना दोन रिक्षावाले, एक भाजीची गाडी आणि शाळेचं दप्तर नसलेला एक मुलगा असा श्रोतृवर्ग जमला होता. सगळे अण्णांच्या बाजूने. एकेकाने येऊन टायर दाबून बघितलं आणि मान हलवली. भाजीवाल्याने तर वांगं दाबावं तसं दोन बोटांत धरून दाबलं. मला विचाराल तर आपल्याकडे टायर ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आलं तर दुसऱ्या मजल्यावर चढत नाही, करंगळीएवढी धार. त्या प्रेशरवर कुणी अंगठा ठेवून डोळे मिटलेले मी पाहिले नाहीत. तिथे सगळे मुकाट्याने खाली जाऊन बादल्या भरतात. माझ्या चाकातल्या दोन पीएसआयसाठी मात्र अख्खा होटगी रोड तज्ज्ञ.

मी चिडलो, आणि चिडलेला मध्यमवर्गीय माणूस करतो ते केलं: इतिहास सांगू लागलो. म्हटलं, हवेचं टायर चालू केलं ते डनलॉप नावाच्या गृहस्थाने, १८८८ साली, पोराच्या तीनचाकीसाठी. का, तर भरीव रबराच्या चाकाने पोराला दणके बसायचे. म्हणजे टायर मुळात मऊ बसावं म्हणूनच आलं. आणि तो डनलॉप कोण होता? जनावरांचा डॉक्टर!

"मग त्याला काय कळतंय," अण्णा म्हणाले.

माझं हे व्याख्यान चालू असताना माझी पाठ सायकलकडे होती. अडॅप्टर माझ्या मुठीतच राहिलेलं. पोराने काय केलं, तर बसायला सोयीचं पडावं म्हणून चाक फिरवून व्हॉल्व खाली आणला, आणि तो तुटलेला भाग आधी काढून टाकू म्हणून पकडीने पिळला. आता हे बघा, उभ्या सायकलमध्ये ते पांढरं औषध कुठे असणार? टायरच्या तळाशी. आणि व्हॉल्व कुठे होता? तळाशी.

फुस्स झालं नाही, थेट पिचकारी उडाली. पांढरी, जोरदार, अण्णांच्या लेंग्यावर गुडघ्यापासून खाली.

सगळे गप्प. टायर रिमवरून सुटून खाली बसलं. शेवटचे दोन-चार थेंब टपटपले.

"आरं," एक रिक्षावाला म्हणाला, "गाडी दूध देती."

त्यानंतर माझं कुणी काही ऐकलं नाही. किती लिटर देते? सकाळ-संध्याकाळ देते का? पेंड कुठली घालता? अण्णांनी लेंग्याला बोट लावलं, नाकाशी नेलं. त्या औषधाला अमोनियाचा उग्र वास असतो. "नासलंय," ते म्हणाले. त्या पोरालाच माझी दया आली. त्याने चिंधी आणली आणि आधी अण्णांचा लेंगा पुसला, मग जमीन, मग माझी सायकल. हा क्रम मी विसरणार नाही.

व्हॉल्वच्या पोटातला तो पिनेएवढा तुकडा उडून गटारात गेला होता. त्यामुळे जादा ठेवलेली ट्यूब घालण्यावाचून इलाज नव्हता. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची तर आधी आतून हात फिरवून काटे काढावे लागतात, कारण औषधाने मिटवलेला प्रत्येक काटा तिथेच बसलेला असतो, ट्यूबची वाट बघत. हे मी पोराला सांगितलं. पण पुढे झाले अण्णा. उकिडवे बसले, टायर उलटं केलं, आणि तो अंगठा आतून सावकाश फिरवत निघाले. मला कबूल करायला जड जातंय, पण बघण्यासारखं होतं. अंगठा थांबायचा, अण्णा "हं" म्हणायचे, पोरगा पकडीने काटा ओढायचा. काटे त्यांनी पेपरावर ओळीने मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत. बहुतेक बाभळीचे, दोन सराटे, एक बारीक तार. अकरा.

"अकरा!" अण्णा म्हणाले. "अन् हवा जात नव्हती?"

माझी छाती फुगली. आख्ख्या सकाळीत पहिल्यांदाच. "नव्हती ना! तेच तर सांगतोय. त्या औषधाने सगळी भोकं बुजवली होती."

अण्णांनी काट्यांकडे बघितलं, लेंग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे दूध चांगलं होतं की ओ. काढलं कशाला?"

रिक्षावाल्यांनी माना डोलावल्या. खरंच, काढलं कशाला? शिकलेली माणसं अशीच.

ट्यूब गेली, अडॅप्टर लागलं, कॉम्प्रेसर सुरू झाला. तीसला मी म्हटलं, बास. अण्णांनी अंगठा ठेवला आणि पोराला म्हणाले, "मार अजून." पोरगा माझ्याकडे न बघता मारत राहिला. पंचेचाळीसला अंगठ्याचं समाधान झालं. खरं तर ट्यूब असली की हवा थोडी जास्तच लागते, नाहीतर दगडावर आदळून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पण हे मी मनातच ठेवलं. मोठ्याने म्हटलं असतं तर अण्णांचं बरोबर ठरलं असतं.

पोराने एकशे वीस घेतले. शंभर ट्यूब बसवायचे आणि वीस, त्याच्याच शब्दांत, "दूध पुसायचे".

तळ्याकडे जायची इच्छा मेली होती. घराकडे वळलो. पंचेचाळीसची हवा असलेलं मागचं चाक प्रत्येक खडीवर टणटण उडत होतं, दात वाजत होते. आसरा चौक ओलांडला आणि एकाएकी प्रवास फार मऊ लागू लागला. उतरून बघितलं. टायरवरून हात फिरवला तर बटनांच्या फटीत एक काळा ठिपका. मोडलेल्या काट्याचं टोक, तांदळाच्या कणीएवढं. बारावा. आतून हाताला लागला नसणार, पण दाबून भरलेल्या ट्यूबला बरोबर सापडला.

दुसरी ट्यूब नव्हती. चोवीस किलोची सायकल ढकलत निघालो. ढकलताना मदत करायला मोटरचं एक बटण असतं, पण सपाट टायर चिरडत मोटरने नेणं म्हणजे साडीचे पैसे रस्त्यावर घासणं. ऊन चढलेलं. अर्ध्या वाटेत मागून हॉर्न वाजला. अण्णा, स्कूटरवर, लेंग्यावर पांढरे डाग वाळलेले. शेजारी येऊन त्यांनी वेग कमी केला, गाडी बंद केली नाही. वाकून डाव्या हाताचा अंगठा माझ्या चाकाला लावला.

"हवा कमी हाय, सर," म्हणाले. "मघाशीच म्हटलं होतं की."