फियाटला ऊस पचत नाही हो!

एप्रिल उजाडला की आमच्या फियाट अकराशेचं नाटक सुरू. १०८९ सीसीचं इंजिन, आराखडा इटलीचा, जुळणी कुर्ल्याची. लातूरच्या ४२ डिग्रीत औसा रोडला जरा ट्रॅफिकमध्ये अडकली की इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच ते उकळतं आणि बाई गप्प. मग बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं गुंडाळा, उभे राहा. हे एक वेळ सोसतो. मराठवाड्याचा उन्हाळा धरून तिकडे कुणी गाडी आखली नव्हती.

पण आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल! जुन्या रबराला ते मानवत नाही. पाइप फुगतात, चिरतात, पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, लुळा पडतो. वर ते पाणी ओढून घेतं, म्हणजे टाकीला आतून गंज. अन् गंमत बघा, ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथंच ऊस लावायचा, उसाचं इथेनॉल करायचं आणि त्यानं माझे पाइप खायचे! बिनइथेनॉलचं मागितलं तर पंपावरचं पोरगं असं बघतं, जणू गाढविणीचं दूध मागितलं.

डायफ्राम मागवावा तर दुकानदार म्हणतो, "काका, एकदम ओरिजनल." कुठलं ओरिजनल, बाबा? ही गाडी निघायची बंद होऊन जमाना झाला! दोन महिन्यांत पुन्हा गळती.

आणि या सगळ्यात कुणीतरी बाइक थांबवून विचारणारच, "लग्नाला देता का हो, नवरदेवाला?" हातात पान्हा असताना तरी विचारू नका ना, राव.