नदीपुढून निघून जाणारे

मुठा नदीवरचे फिरते प्रदर्शन घेऊन आम्ही पुण्यात जिथे जिथे जातो, तिथे १९६१ च्या पानशेत पुराच्या छायाचित्रांपुढे माणसे खिळून उभी राहतात आणि शेजारच्याच नकाशापाशी "आता नदी कसली, नालाच तो" असे म्हणून चालू पडतात, याचा मला मनस्वी संताप येतो. खडकवासल्याचे पाणी आपल्या नळाला येते आणि आपले सांडपाणी मुळा-मुठेवाटे भीमेत, तिथून उजनीत जाते, हे त्या नकाशात निळ्या रेषेने दाखवले आहे. परवा एका काकांनी नेमके उजनीवर बोट ठेवून "महापालिका झोपली आहे का?" एवढेच विचारले. अहो काका, ते पाणी सोलापूरकर पितात, आणि त्यात आपल्या घरची मोरीही मिसळलेली असते!