‘आधी मने, मग कायदा’ या आक्षेपाला उत्तर

श्री. देशपांडे, सप्रेम नमस्कार.

समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मिळावी म्हणून आम्ही सोसायट्यांमध्ये आणि महिला मंडळांत बैठका घेतो. त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने विषय संपला, समाजाची मने तयार नसताना कायदा लादणे गैर आहे, आणि ही इंग्रजी शिकलेल्या मूठभर शहरी लोकांची चळवळ आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही, हे खरे. मात्र हा निर्णय कायदेमंडळाने घ्यायचा आहे, असेही त्याच निकालात म्हटले आहे. म्हणजे प्रश्न खासदारांकडे, आणि पर्यायाने त्यांना निवडून देणाऱ्या आपल्याकडे आला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द झाले. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आहे, म्हणूनच आम्ही दारोदार फिरतो.

आपल्या दुसऱ्या आक्षेपावर मी बराच विचार केला, कारण तो मनापासून घेतलेला आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला तो १८९३ मध्ये, कायदा होऊन ३७ वर्षे लोटल्यावर, आणि तरीही त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. मने तयार होईपर्यंत कायद्याने थांबायचे असते, तर त्या दिवशी बहिष्काराला तोंड देणाऱ्या त्या दांपत्याच्या पाठीशी निदान कायदा तरी उभा राहिला असता का? शिवाय ‘लादणे’ हा शब्द इथे लागू पडत नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा नोंदणी विवाहाचा आहे. त्यात धार्मिक विधींची सक्ती नाही, आणि त्यात दुरुस्ती झाल्याने आपल्या घरच्या लग्नातला एकही संस्कार बदलणार नाही.

तिसऱ्या आक्षेपाचे मला सर्वांत वाईट वाटले, कारण तो वाचताना माझ्या डोळ्यांसमोर एक आई उभी होती. लग्न होऊन खेड्यातून पुण्यात आलेल्या या बाईंना इंग्रजीचा गंधही नाही. त्यांचा मुलगा आणि त्याचा जोडीदार अकरा वर्षे एकत्र संसार करत आहेत. मुलाला मध्यरात्री रुग्णालयात दाखल केले, तेव्हा अर्जावरच्या ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात जोडीदाराने ‘मित्र’ असे लिहिले, आणि खिडकीतून उत्तर आले, “रक्ताच्या नात्यातलं कुणी आणा.” लातूरहून भाऊ पहाटे पोचला आणि मग सही झाली. तोवर तो जोडीदार हातात अर्ज घेऊन बाकावर बसून होता.

पुढे हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे या आईंनी हे सारे स्वतः सांगितले. खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एका वयस्कर बाईंनी विचारले, “मग आजारपणात त्याच्या उशाशी कोण बसलं होतं?” आई म्हणाल्या, “तोच, दुसरं कोण?” त्यावर त्या बाई म्हणाल्या, “मग नातं आणखी काय असतं गं?” ही आमची चळवळ. मुंबईत सुरू झालेल्या ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या ४०० हून अधिक आईवडिलांनी एप्रिल २०२३ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. आपल्या हयातीत मुलांच्या विवाहावर कायद्याची मोहोर उमटलेली पाहायची आहे, अशी इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली होती, आणि त्यांतले काही जण लवकरच ऐंशीचे होणार होते.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने संयुक्त बँक खाते आणि शिधापत्रिका यांबाबत अशा जोडप्यांची अडचण दूर करणारे खुलासे केले, ही चांगली गोष्ट झाली. पण वारसाहक्काने मिळणारे घर किंवा कुटुंब निवृत्तिवेतन अशा खुलाशांनी मिळत नाही.

पुढच्या महिन्यात या आई पुन्हा बोलणार आहेत. आपण यावे आणि आपला विरोध त्यांच्यासमोर मांडावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. आपल्याला त्या चहा दिल्याशिवाय जाऊ देणार नाहीत.