ऐकायचं नंतर बघू, आधी मत द्या

आमच्या थोरल्या साडूंनी निवृत्तीनंतर एक संकल्प सोडला आहे. जगातले शंभर महान अल्बम, शंभर दिवसांत, रोज एक. यादी मुलानं अमेरिकेतून पाठवली. सकाळी साडेसहाला चालायला निघताना अल्बम कानात घालायचा आणि साडेसातच्या आत घरच्या ग्रुपवर निकाल लावायचा. ‘दिवस ११. आवाज फार. ५/१०.’ ‘दिवस १२. ठीक. गाणी लक्षात राहत नाहीत. ६.५/१०.’ खाली सासूबाईंचे जोडलेले हात, मेहुण्याचा अंगठा आणि कुणाचं तरी गुलाबासकट सुप्रभात.

गेल्या रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा दिवस २७ होता. त्या दुपारी काय झालं ते पुढे येईलच. पण त्यांचं पाहून माझी खात्री पटली की ही विद्या एका कुटुंबापुरती राहणं बरं नाही. आपल्यापैकी कित्येकांना महान अल्बमांवर मतं द्यायची असतात, फक्त ऐकण्याची अट आड येते. ती कशी काढून टाकायची, तेवढंच सांगतो.

सुरुवात साधनापासून करा. बरे स्पीकर, हेडफोन असल्या श्रीमंती थेरांच्या नादी लागू नका. एकच बोंडूक, एकाच कानात. दुसरा कान रिक्षा, भाजीवाला आणि सोबतच्या जोशीकाकांसाठी मोकळा हवा. वाद्यं डावी-उजवीकडे वाटून ठेवायला कुणी रात्री जागवल्या असतील, तर तो त्यांचा प्रश्न. अर्धा अल्बम दुसऱ्या कानात राहून गेला तरी मार्क पुऱ्या अल्बमला द्यायचे.

अ‍ॅप फुकटचं वापरा. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) घ्या. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, ठोक्यांवरच संपतो आणि मधली गाणी एकमेकांत अशी मिसळलेली की सांधा सापडत नाही. अशा अल्बमाला शफल फार शोभतं. शेवट आधी, सुरुवात मध्ये आणि दर दोन गाण्यांनी जाहिरात. साडूंच्या फोनवर ‘मनी’ या गाण्यातला नाण्यांचा आणि गल्ल्याचा खणखणाट संपतो न संपतो तोच वैयक्तिक कर्जाची जाहिरात लागली. त्यांना ती अल्बमातलीच वाटली. ‘विषयाला धरून आहे,’ असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं. खोटं कशाला बोलू, त्यांच्या सगळ्या समीक्षेत मला पटलेलं तेवढं एकच वाक्य.

तेच गाणं सात मात्रांत आहे. रूपक ताल बोटांवर मोजणाऱ्या माणसाला दुसऱ्या आवर्तनात ते कळतं, आणि गिटार सुटली की ठेका चाराच्या घरात येतो, तेही कळतं. तुम्ही मोजू नका. ‘ठेका मध्येच चुकलाय’ असं लिहा.

दशांश चिन्ह विसरू नका. ६ हा अंदाज वाटतो, ६.५ म्हटलं की अभ्यास वाटतो.

शब्द नसतील तर दोन मार्क कापा. त्याच अल्बमात क्लेअर टॉरी नावाची गायिका एक शब्द न उच्चारता गाते. स्टुडिओत बोलावलं, गायली, तीस पौंड घेऊन घरी गेली. गीताच्या श्रेयात तिचं नाव यायला २००५ साल उजाडलं, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर. साडूंनी विचारलं, ‘ही बाई नुसती ओरडते का?’ हे साडू दरवर्षी सवाईला जातात. तिथं तासभर आलापी चालते. आता मला कळलं की त्या वेळात ते स्टॉलवर असतात.

अल्बम किती खपला ते विचारा. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा बँड आणि निको ही गायिका यांचा १९६७चा अल्बम निघाला तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. पुढे ज्यांनी तो ऐकला त्यांनी आपापले बँड काढले, असं म्हणतात. वेष्टनावर चित्रकार अँडी वॉरहॉलचं केळं. साडूंचा निकाल: ‘कव्हर छान. ४/१०.’ म्हणजे चारही मार्क केळ्याचे.

आपला माणूस सापडतो का बघा. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या (१९६६) वेष्टनावर तबल्यासाठी अनिल भागवत हे नाव छापलेलं आहे. हे मीच हौसेनं सांगितलं. सकाळी ‘५/१०’ असलेला अल्बम दुपारी ‘९/१०, आपल्याला अभिमान!’ झाला. मधल्या वेळात तो पुन्हा ऐकला का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि हुकमी वाक्य पाठ करून ठेवा: ‘यात नवीन काय आहे? असं तर सगळीकडेच वाजतं.’ ज्याची नक्कल जास्त झाली, त्यावर हे जास्त चालतं. मी मोठ्या मनानं यादीत एक भर सुचवली होती, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची आडवी गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. संतूर हे रागदारीचं वाद्यच नव्हे, म्हणून लोक नाकं मुरडायचे तो काळ. त्या वाद्याच्या तारांची मांडणी बदलून, मांडीवर घेऊन, वर्षानुवर्षं टीका ऐकून या माणसानं ते रागसंगीतात बसवलं. मग दुनियेनं ते इतकं उचललं की पर्यटन खात्याच्या जाहिरातीत डोंगर दिसला की मागे संतूर आणि बासरी वाजलीच पाहिजे. साडू म्हणाले, ‘हे तर आमच्या योगाच्या क्लासात लावतात.’ लावणारच! ज्याच्यावरून सगळ्यांनी उचललं तोच शिळा ठरवायचा. आजोबांना म्हणायचं, तुम्ही तुमच्या नातवासारखे दिसता, काही वेगळं करा! त्यांचा लेखी निकाल मात्र प्रामाणिक होता: ‘दुपारी लावलं. झोप छान लागली. ८/१०.’

आता शेवटची आणि मोलाची सूचना. शक्य असेल तर अल्बम दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या यंत्रावर, जेवायच्या आधीच्या वीस मिनिटांत ऐका.

रविवारी साडू आले आणि चपला काढता काढता म्हणाले, ‘तुमच्याकडे ते माइल्स डेव्हिसचं आहे ना? आज तेच आहे. दोन कामं एकदम होतील.’ मी खूश. माझ्या तबकडीचं नाव कुणी आपणहून काढलं याला वर्षं झाली होती. ‘काइंड ऑफ ब्लू’ या त्याच्या जाझ अल्बमाची माझी प्रत १९८८ची. दुसऱ्या पगारातून, काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून घेतलेली. दुकान २०१६ साली बंद झालं, वेष्टनाची कड फाटली, पण तबकडीवर एक ओरखडा नव्हता. मी तिला घरात कुणाला हात लावू देत नाही. बायकोलाही. (ती लावायला जातही नाही, हा भाग वेगळा.)

काढली, मखमली ब्रश फिरवला, सुई टेकवली. पहिलं अर्धं मिनिट पियानो आणि बास अंधारात चाचपडल्यासारखे चालतात. साडू म्हणाले, ‘गाणं कधी सुरू होणार?’ मी म्हटलं, होईल, दादा. मग पॉल चेंबर्सचा बास एक वाक्य बोलतो आणि पियानो त्याला दोन सुरांत उत्तर देतो. पुन्हा वाक्य, पुन्हा दोन सूर. मग तेच दोन सूर फुंकवाद्यं उचलतात. इथं साडूंना सोसायटीतला पार्किंगचा वाद आठवला. दीड मिनिटाला जिमी कॉबची झांज फुटते आणि त्या लाटेवर माइल्सचा ट्रम्पेट आत येतो. छत्तीस वर्षं झाली, त्या झांजेला माझ्या अंगावर काटा येतो. ‘...तर सेक्रेटरी म्हणतो, स्टिल्ट माझ्या बापाचा!’ असं साडू त्याच क्षणी म्हणाले.

तेवढ्यात आतून हाक आली म्हणून मी ताकाचा जग आणायला गेलो. एक मिनिट, जास्तीत जास्त दीड. परत येतो तो साडू प्लेअरवर वाकलेले आणि बोटं दांडीवर. ‘हे पुढं कसं ढकलायचं हो? एकच चाललंय मघापासून.’

खर्रर्र.

त्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला पियानोवादक बिल एव्हान्सचं एक टिपण आहे. जपानी चित्रकाराचा कागद इतका पातळ असतो की हात अडला तर तो फाटतो, आणि एकदा ओढलेली रेघ खोडता येत नाही, अशा अर्थाचं. या लोकांनी हे संगीत तसं वाजवलं. माइल्सनं आराखडे रेकॉर्डिंगच्या काही तास आधी केले, असंही तो तिथं लिहितो. १९५९ सालचा २ मार्च आणि २२ एप्रिल, दोन बैठका, न्यूयॉर्कचा एक जुना स्टुडिओ, पाच रचना. साडूंनीही रेघ एकदाच ओढली. तीही खोडता येत नाही. आता कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन ऐन भरात असताना ‘टक’ होतं आणि तो मागे येतो, टक, मागे येतो, टक. मी चार वेळा लावून पाहिलं.

‘अहो, त्यात काय, नवी मागवून देतो ऑनलाइन,’ साडू म्हणाले. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ताक वाढलं. भाऊजी आहेत, वर मोठे आहेत, मसालेभात त्यांच्यासाठी केलेला आहे. जेवताना त्यांनी आणखी एक मत दिलं, ‘जुन्या रेकॉर्डिंगला ती क्वालिटी नसते.’

दादा, त्या अल्बमाची पहिली बाजू तीसहून अधिक वर्षं किंचित चढ्या सुरात विकली गेली. पहिल्या बैठकीच्या दिवशी टेपचं यंत्र जरा हळू फिरत होतं. ते १९९२च्या आवृत्तीत दुरुस्त झालं. माझी प्रत त्याच्या आधीची, म्हणजे चढीच. ‘हे जरा वर लागतंय का हो?’ एवढं तुम्ही विचारलं असतं, तर मी तुमचे पाय धरले असते आणि वर ती तबकडीच देऊन टाकली असती. तुम्ही विचारलंत, पापड आहे का.

सोमवारी सकाळी सात अठ्ठावीसला ग्रुपवर आलं: ‘दिवस २७ (काल राहिलेला). साडूंकडे जाझ ऐकलं. जेवण १०/१०. लिफ्टमध्ये वाजतं तसं संगीत. रेकॉर्ड जुनी आहे, मध्येच अडकते. ५/१०.’ सासूबाईंचे जोडलेले हात. मेहुण्याचा अंगठा.

बास झालं हे मार्गदर्शन. आता सरळ बोलतो.

आवडलं नाही तर नाही म्हणा ना. कुणी अडवलंय? मलाही त्या यादीतले निम्मे अल्बम आवडत नाहीत. ‘काइंड ऑफ ब्लू’ मलाही पहिल्यांदा कळला नव्हता, वर्षभर कपाटात पडून होता. मी त्याला पाच मार्क दिले नाहीत, एवढंच. ‘मला आवडलं नाही’, तीन शब्दांचं वाक्य आहे. त्यातला पहिला शब्द का गिळता? तो गिळला की तुमचा कंटाळा हा त्या माणसाचा दोष होतो. सात माणसं होती ती. एकही आता नाही, शेवटचा जिमी कॉब २०२० साली गेला. त्यांनी खोलीत बसून एकमेकांचं ऐकत वाजवलं आणि तुम्हाला पंचेचाळीस मिनिटं गप्प बसवत नाही? मॅचला दिवसभर बसता. बँकेच्या फोनवरचं रटाळ संगीत अर्धा अर्धा तास ऐकता, त्याला नाही दिलेत कधी मार्क! उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर शंभर अल्बमांचा आकडा. कुणी सांगितलंय शंभर ऐकायला? शर्यत आहे? एक ऐका. दोनदा ऐका. नाही जमलं तर सोडून द्या आणि पार्किंगबद्दल बोला, मी ऐकेन, खरंच ऐकेन. पण ऐकायचं नाही, फक्त निकाल लावायचा, आणि तोही दुसऱ्याच्या वस्तूची वाट लावून? लाज वाटायला हवी.

आणि ती रेकॉर्ड अडकत नव्हती, दादा. रविवारी दुपारी बारा पन्नासपर्यंत ती कुठेही अडकत नव्हती.