आमच्या मुली ‘बेसिक’ धरल्या जातील म्हणे

रात्री पावणेअकराला शाळेच्या ग्रुपवर पीडीएफ येऊन पडली. अकरा पानं, कडेने सोनेरी वेलबुट्टी, वर इंग्रजीत मथळा: वर्षअखेरच्या बातम्या आणि पालकांना स्मरण. आठव्या पानावर, उन्हाळी स्विमिंग कॅम्प आणि हरवलेले टिफिन यांच्या बेचक्यात, मुंगीएवढ्या टायपात एक ओळ. नववीच्या मुली दहावीला गणित स्टँडर्ड घेणार की बेसिक, म्हणजे सोप्या पेपराचं, त्याचा फॉर्म उद्या सकाळी साडेदहाच्या आत कार्यालयात द्यावा. फॉर्म न आल्यास बेसिक धरले जाईल. ओळीच्या आधी ठळक अक्षरात ‘अंतिम स्मरण’.

अंतिम? अहो, पहिलं कधी झालं? आणि धरले जाईल म्हणजे काय? कोणाच्या पोरीचं काय धरताय तुम्ही?

घरात सीबीएसईची नववी-दहावी असलेल्यांना ०४१ म्हणजे स्टँडर्ड आणि २४१ म्हणजे बेसिक, हे आकडे झोपेतही पाठ असतात. २०२० च्या परीक्षेपासून हे दोन पेपर आहेत. पुस्तक एक, वर्ग एक, शिकवणाऱ्या मॅडम एक, फक्त बोर्डाचा पेपर वेगळा. आणि बोर्डाकडे नावं जातात ती पावसाळा उलटता उलटता. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रातोरात कुठे आग लागली? बेसिकला मी नावं ठेवत नाहीये. जिला गणित नकोसं झालंय तिने खुशाल घ्यावं. आमच्या वेळी असतं तर मीच पहिल्या बाकावरून हात वर केला असता. पण ते तिने घ्यावं ना! गप्प बसलेल्या मुलीला स्टँडर्ड का नाही धरत? फॉर्म आला नाही म्हणजे मुलीला गणित झेपत नाही, हे कुठल्या प्रमेयाने सिद्ध केलंत?

जाऊबाईंचा मुलगा मुलांच्या शाळेत आहे, तोही नववीतच. तिथे असं काही धरतात का, हे विचारायला मी तेव्हाच फोन लावला. नाही धरत. जूनमध्ये वर्गात विचारतात, एखादा गैरहजर असला तर घरी फोन करतात. जाऊबाई झोपल्या होत्या. सध्या बोलत नाहीयेत माझ्याशी.

बरं, पहिल्या पानावर कोण? अहिल्याबाई. २०२५ मध्ये तीनशेवी जयंती झाली तेव्हापासून शाळेच्या प्रत्येक कागदावर त्या आहेतच, हातात शिवलिंग घेऊन. ज्या बाईने १७६७ पासून १७९५ पर्यंत अख्खं राज्य चालवलं, खजिन्याच्या पै-पैवर लक्ष ठेवलं, तिचं चित्र छापायचं आणि सात पानं उलटल्यावर सांगायचं की पोरींना हिशेब कमीच झेपतो असं आम्ही गृहीत धरलंय. इंदूरमध्ये!

मधल्या पानांत काय होतं म्हणता? वार्षिकोत्सवाच्या प्रमुख पाहुण्यांचे पाच फोटो. पाहुणे दिवा लावताना, पाहुणे बोलताना, पाहुणे शाल घेताना, शाल घेतलेले पाहुणे, आणि पाहुण्यांची गाडी. मुली दिसतात त्या कडेला, कुंकवाचं तबक धरून. विभागात जिंकून आलेल्या खो-खोच्या टीमला अर्धी ओळ, त्यातही कॅप्टनच्या नावाची वाट लावलेली. मग चार ते सहा, पुरी तीन पानं, वेशभूषा. रिबन दीड इंचाची, नेव्ही नाही, रॉयल ब्लू. मोजे गुडघ्याखाली चार बोटं. केस खांद्याखाली गेले की दोन वेण्या, तेल लावून. नखं, मेंदी, कानातलं, सगळ्याला एकेक परिच्छेद. दहावीच्या निरोप समारंभाला म्हणे पेस्टल पीच साडी, बाही कोपरापर्यंत. हा पीच रंग कोणी शोधला त्याला मला एकदा भेटायचंय. कुठल्याही आईच्या कपाटात ही साडी नसते, राजवाड्यावर दुकानदार दहा गुलाबी दाखवतो, आणि फोटोत सगळ्या जणी फिक्या दिसतात. वेणीच्या तेलाला परिच्छेद आणि गणिताला मुंगीएवढी ओळ!

जे खरोखर हवं ते मात्र नाही. मुलींसाठीच्या मध्य प्रदेश सरकारच्या लाडली लक्ष्मी योजनेतले नववीचे ४,००० रुपये ज्यांना मिळायचेत त्या मुलींच्या आया मला विचारतात, मी बँकेत आहे म्हणून. शाळेतून कुठला कागद लागतो, कोणाकडे मागायचा? अकरा पानांत अक्षर नाही.

आणि ग्रुप! त्या पीडीएफखाली पाच मिनिटांत रांग लागली. थँक यू मॅम. नोटेड मॅम. हात जोडलेले, फुलं, पुन्हा हात जोडलेले. एकीने ‘सुंदर संकलन’ लिहिलं. बाई, आठवं पान वाचलंस का? हिच्याच मुलीने सहामाहीत गणितात पैकीच्या पैकी मिळवलेत आणि ही संकलनावर खूश.

आता निघालंच आहे तर ऐका. वार्षिकोत्सवाच्या तीन मिनिटांच्या नाचाचे ड्रेसचे पैसे घेतले आणि ड्रेस शाळेनेच ठेवून घेतला. पुढच्या वर्षी तोच ड्रेस दुसऱ्या मुलीला, पैसे परत नव्याने. रिझल्ट हवा तर ‘नो ड्यूज’वर लायब्ररीची सही, आणि लायब्ररीच्या मॅडम परीक्षेच्या ड्यूटीवर. पुस्तकं कुठूनही घ्या, असं पत्रकात लिहितात, कारण राज्याचा २०१७ चा फीसचा कायदा आहे, २०२० चे नियम आहेत, सक्ती करता येत नाही. फक्त यादीतली निम्मी पुस्तकं अख्ख्या खजुरी बाजारात नेमकी एकाच दुकानात मिळतात! वरून एक एप्रिलला नवं सत्र. म्हणजे वर्षअखेर कसली, आज रिझल्ट आणि परवा दहावीचा पहिला तास.

आणि आकडे. राज्याच्या समग्र ओळखपत्राचा कुटुंबाचा आठ आकडी, लेकीचा नऊ आकडी, पेन म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक अकरा आकडी, आधार बारा, अपार हा विद्यार्थ्याचा आणखी एक ओळख क्रमांक बारा, वर शाळेचा स्कॉलर नंबर. आपल्याकडे नावाच्या मधे बापाचं नाव लागतं. आधारवर ते आहे, शाळेच्या रजिस्टरात कोणीतरी उडवलं, म्हणून नाव जुळत नाही, म्हणून अपार अडकलंय. दुरुस्ती कोणी करायची? पालकांनी. कुठे? शाळेत. कधी? लंच के बाद.

हे सगळं मी रात्री साडेअकराला रिबिनींना इस्त्री करत मोठमोठ्याने बोलत होते. रॉयल ब्लू रिबिनींना. नवरा म्हणाला, “तुझी ही रंगपंचमीची गेर, ही मिरवणूक, संपली की दिवा मालव.” मग जरा थांबून म्हणाला, “पण तुमच्या बँकेची पत्रंही याच भाषेत येतात की. केवायसी न केल्यास खाते निष्क्रिय धरले जाईल. खाली सही तुझी असते.” मी इस्त्री जास्त जोरात फिरवली. गेल्याच आठवड्यात असले शेकडो मेसेज माझ्या हाताखालून गेलेत, त्यावरही ‘अंतिम’ होतंच, आणि कोणी काउंटरवर येऊन ओरडलं की आम्ही आपसांत म्हणतो, वेळेवर वाचत नाहीत लोक. पण हा काय मुद्दा आहे का रात्री साडेअकराला काढायचा?

ग्रुपवर टाकायला मी लांबलचक लिहिलं होतं. लेकीने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, “आई, प्लीज. मॅम मला वर्गात उभं करतात.” पुसलं. ‘नोटेड मॅम’ टाकलं. फूल नाही टाकलं, एवढाच काय तो निषेध.

सकाळी मार्चअखेरीच्या गर्दीत मॅनेजरच्या हातापाया पडून तासाभराची सुट्टी घेतली. खिडकीसमोर निम्म्या नववीच्या आया, हातात रिकामी पाकिटं, कारण फॉर्म पीडीएफमध्ये नव्हताच, खिडकीवरच मिळणार होता. माझा नंबर आला.

“स्टँडर्ड का फॉर्म दीजिए.”

“स्टँडर्ड वाला खतम हो गया मॅडम. बेसिक वाला है. उसी पे काट के लिख दो.”

मुलींच्या शाळेत स्टँडर्डचे फॉर्म संपतात, म्हणजे यांनी छापले तरी किती होते? मी बेसिक असं खोडलं की कागद फाटायचा राहिला. वर ०४१ लिहिलं, दोनदा गिरवलं, नाव लिहिलं, सही केली, आत सरकवला. तो बाहेर आला.

“फादर के साइन लगेंगे.”

मी म्हटलं, मी आई आहे. फीस माझ्या खात्यातून जाते. समोर उभी आहे. तो म्हणाला, फॉर्मेट में फादर ही है मॅडम, हम क्या करें. खरंच, खाली छापलेलंच होतं, आईला रकानाच नाही. वेणीला तेल कोणी लावायचं ते मात्र पान पाचवर ‘मातांनी’ असं स्पष्ट आहे.

नवरा पीथमपूरला, फॅक्टरीत फोन आत नेऊ देत नाहीत. घड्याळात दहा वाजून वीस. माझ्या मागे रांगेत तीच ‘सुंदर संकलन’वाली, घामाघूम, पेन मागत होती. मी फॉर्म घेतला, बाजूच्या कठड्यावर ठेवला आणि नवऱ्याची सही ठोकली. बावीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या पडताळतेय. त्याच्यापेक्षा मलाच चांगली येते. मग मागे वळून तिला विचारलं, “तुमच्या मिस्टरांचं नाव काय?”